एकच विषाणू, तीन पेशी, तीन उत्तरं: हळदीच्या अर्काची चाचणी नेमकं काय मोजते?

प्रश्न असा आहे. सांगलीतल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी हळदीचा अर्क विषाणूविरोधी आहे का, हे तपासणं चालू आहे. विषाणू उंदरांचा कोरोनाविषाणू, एमएचव्ही-ए५९. पेशी तीन प्रकारच्या: एल-९२९, रॉ २६४.७ आणि बीएचके-२१. एकाच साठ्यातला विषाणू, एकच अर्क. पण एल-९२९ मध्ये टायटर, म्हणजे नमुन्यातल्या जिवंत विषाणूचं माप, दहापट उतरलं, रॉ मध्ये हजारपट उतरलं, आणि बीएचके मध्ये अर्क घातला काय नि न घातला काय, २४ तासांनी काढलेल्या नमुन्यातून एल-९२९ वर मोजकेच प्लाक (विषाणूने पेशी मारल्याने पडणारे ठिपके) आले. विद्यार्थिनी विचारते: यातला कोणता आकडा खरा धरायचा?

तिन्ही आकडे खरे असू शकतात, पण ती एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. टायटर हा फक्त विषाणूचा गुण नसतो. तो विषाणू आणि पेशी या जोडीचा असतो. औषध त्यात तिसरं येतं, आणि ते विषाणूवर काम करतं की पेशीवर, हे पेशी बदलल्याशिवाय कळत नाही. म्हणून तीन पेशी घेतल्या हे उत्तमच झालं. आता प्रत्येक पेशी विषाणूला कुठे अडवते, ते एकेक करून पाहावं लागेल.

बीएचके-२१ पासून सुरुवात करू, कारण तिथला घोटाळा सर्वांत सोपा आहे. ही सीरियन हॅमस्टरच्या पिल्लांच्या मूत्रपिंडातून १९६१ मध्ये ग्लासगोत तयार झालेली पेशी. लाळ्या-खुरकूत लसीच्या कारखान्यांत हीच वापरतात, त्यामुळे ‘बीएचके मध्ये सगळं वाढतं’ असा समज पसरलेला आहे. एमएचव्ही मात्र पेशीत शिरायला उंदराचा सीइएकॅम१ए हा ग्राही (पेशीच्या पृष्ठभागावरचं, विषाणू ज्याला चिकटतो ते प्रथिन) शोधतो. तो हॅमस्टरच्या या पेशीवर नाही. मग २४ तासांनी मिळालेले मोजके प्लाक कुठून आले? ते तुम्ही ओतलेल्या विषाणूचेच उरलेले कण आहेत. त्यांची वाढ झालेली नाही.

हे पक्कं करायला एकच वेळ मोजून भागत नाही. विषाणू घालून १ तास झाला की पेशी दोन-तीनदा धुवायच्या, नवं मीडिया (पेशींचं पोषक द्रव) घालायचं आणि लगेच पहिला नमुना काढायचा. मग ६, १२, १८ आणि २४ तासांनी पुढचे. एल-९२९ मध्ये पहिला आकडा खाली, ६ ते ८ तासांपासून चढण आणि १८ ते २४ तासांत माथा दिसेल. बीएचके मध्ये रेषा सपाट राहील किंवा खाली घसरेल. घसरणारी रेषा म्हणजे ३७ अंशांवर विषाणूचं आपोआप मरणं. फक्त २४ तासांचा आकडा पाहिला तर याच घसरणीला ‘कमी वाढ’ म्हणण्याची चूक होते. पीसीआर करत असाल तर अधिक सांभाळा: चिकटून राहिलेल्या कणांचा आरएनए बराच वेळ सापडत राहतो. विषाणूचे छोटे उपजीनोमी आरएनए, जे तो पेशीत वाढतानाच बनवतो, वाढले तरच प्रजनन चालू आहे असं म्हणावं.

पण म्हणून बीएचके टाकून देऊ नका. तिचा ग्राहीच नसल्यामुळे ती उत्तम तुलनापेशी आहे. अर्क असलेल्या आणि नसलेल्या बीएचके मध्ये उरलेल्या विषाणूची घसरण वेगवेगळी दिसली, तर अर्क विषाणूच्या कणालाच मारतो आहे. सारखीच दिसली, तर एल-९२९ मधली दहापट घट पेशीच्या आत कुठेतरी घडली असण्याची शक्यता वाढते. शिवाय हा अडथळा फक्त दारातला आहे. उंदराच्या ग्राहीचं जनुक बसवलेल्या बीएचके पेशींत हाच विषाणू नीट वाढतो, म्हणजे आतली यंत्रणा त्याला चालते. पेशी विषाणूला आत घेते का, आणि आत आल्यावर वाढू देते का, हे दोन प्रश्न कायम वेगळे ठेवावेत.

आता एल-९२९. सी३एच जातीच्या उंदराच्या त्वचेखालच्या ऊतीतून निघालेली ही पेशी १९४८ मध्ये एकाच पेशीपासून वाढवली गेली, सस्तन प्राण्यांतली अशी पहिलीच. एमएचव्ही हिच्यात शिरतो, शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे होतात, आणि ०.६ ते ०.८ टक्के ॲगारोजच्या थराखाली सुमारे दोन दिवसांत मोजण्याजोगे प्लाक पडतात. हिच्याबद्दलची महत्त्वाची गोष्ट म्हणजे या पेशीत एमएचव्ही स्वतःहून इंटरफेरॉन (पेशींना विषाणूविरुद्ध सावध करणारं प्रथिन) फारसं निर्माण करवत नाही, पण बाहेरून आलेल्या इंटरफेरॉनला ही पेशी फार जोरात प्रतिसाद देते. इतकी, की उंदराचं इंटरफेरॉन मोजण्याची जुनी चाचणी हिच्यावरच केली जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण रॉ कडे गेल्यावर तिचा संबंध येणार आहे.

रॉ २६४.७ ही मॅक्रोफेजसारखी पेशी, बॅल्ब/सी उंदराच्या गाठीतून आलेली. मॅक्रोफेजचं कामच पहाऱ्याचं. विषाणूचा दुहेरी आरएनए ओळखून आरएनए तोडणारी यंत्रणा तिच्यात आधीपासून सज्ज असते, तर एल-९२९ सारख्या फायब्रोब्लास्टमध्ये (ऊती बांधणाऱ्या पेशींत) ती बहुतेक वेळा इंटरफेरॉन आल्यावर जागी होते. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण एमएचव्हीचंच आहे. त्याच्याकडे एनएस२ नावाचं प्रथिन आहे, ते ही तोडणारी यंत्रणा बंद पाडतं. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात एनएस२ निकामी केलेला विषाणू फायब्रोब्लास्टमध्ये मूळ विषाणूइतकाच वाढला, पण उंदराच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या मॅक्रोफेजमध्ये त्याची वाढ खुंटली. विषाणू तोच, प्राणी तोच, ग्राही तोच. फरक पडला तो पेशीच्या प्रकारामुळे.

मग रॉ मधली हजारपट घट हळदीची कमाल आहे का? माझा पहिला संशय हळदीवर नाही, हळदीबरोबर आलेल्या एंडोटॉक्सिनवर, म्हणजे जिवाणूंच्या भिंतीतल्या विषावर आहे.

हळद जमिनीतलं कंद. ती शिजवली जाते, उन्हात वाळवली जाते, पोत्यांत किंवा जमिनीखालच्या पेवात साठवली जाते, मग दळली जाते. वाटेत ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचा सहवास घडतोच. अर्क ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढला की जिवाणू अडतात, त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन मात्र पार होतं. ऑटोक्लेव्हनेही ते नीट नष्ट होत नाही. काचेच्या भांड्यांसाठी २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास लागते, आणि अर्काला तर तीही देता येत नाही. रॉ पेशी अगदी थोड्या एंडोटॉक्सिनने चवताळते, इंटरफेरॉन-बीटा सोडते, आणि विषाणू दबतो. एल-९२९ मध्ये हा परिणाम त्यामानाने फार सौम्य असतो. तुमच्या आकड्यांचा साचा, म्हणजे फायब्रोब्लास्टमध्ये थोडी घट आणि मॅक्रोफेजमध्ये प्रचंड, यात हे कारण तंतोतंत बसतं.

ते तपासायचं कसं? अर्काची एंडोटॉक्सिन चाचणी जेल-क्लॉट पद्धतीने (एंडोटॉक्सिन असेल तर नळीतलं द्रव गोठतं) करा. रंग मोजणारी पद्धत इथे फसवते, कारण ती ४०५ नॅनोमीटरवर वाचतात आणि कर्क्युमिन त्याच भागात, ४२५ च्या आसपास, जोरात प्रकाश शोषतं. जेल-क्लॉटमध्येही अर्कात मुद्दाम ठाऊक असलेलं एंडोटॉक्सिन घालून एक नळी ठेवा. ती गोठली नाही तर अर्क चाचणीच बिघडवतो आहे, आणखी पातळ करा. दुसरीकडे रॉ पेशींत चार रांगा लावा: नुसता विषाणू, विषाणू आणि अर्क, विषाणू आणि अर्क आणि पॉलिमिक्सिन-बी (एंडोटॉक्सिनला निष्प्रभ करणारं, १० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली.), आणि विषाणू अधिक नुसतं शुद्ध एलपीएस, म्हणजे एंडोटॉक्सिनच, १ ते १० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. पॉलिमिक्सिनने घट बरीचशी नाहीशी झाली, किंवा नुसत्या एलपीएसनेच तेवढी घट आली, तर हजारपटीचं श्रेय हळदीला देता येणार नाही. पॉलिमिक्सिन एकटं घातलेली एक विहीरही (ताटलीतला खळगा) हवी, तेच पेशीला त्रास देत नाही ना हे कळायला. इंटरफेरॉनचा हात आहे का, हे स्वतंत्रपणे पाहायचं असेल तर त्याच्या ग्राहीला अडवणारं प्रतिपिंड किंवा त्याचा संदेश अडवणारं रुक्सोलिटिनिब, साधारण १ मायक्रोमोलर, पुरतं.

याच्यातच आणखी एक सापळा दडलेला आहे. रॉ मध्ये वाढलेला विषाणू तुम्ही एल-९२९ वर मोजता. ते बरोबरच आहे: वाढ कुठेही झाली तरी मोजणी कायम एकाच पेशीवर व्हावी, नाहीतर पेशीनुसार प्लाक पडण्याची क्षमता बदलते आणि तुलना फुकट जाते. पण रॉ च्या मीडियात विषाणूबरोबर इंटरफेरॉनही येतं, आणि मघाशी म्हटल्याप्रमाणे एल-९२९ त्याला फार संवेदनशील. अर्काचाही अंश सोबत येतो. परिणामी मोजणीच्या ताटलीतच प्लाक दाबले जातात आणि रॉ मध्ये विषाणू कमी वाढला असं वाटतं. याची खूण सोपी आहे. दहापट सौम्यनाच्या पायऱ्यांत प्लाक दहाच्या पटीत उतरायला हवेत. हजारपट पातळ केलेल्यात ६० आणि शंभरपट पातळ केलेल्यात ६०० च्या जागी तुरळकच, असं दिसलं की समजा घट्ट नमुन्यात काहीतरी दाबणारं आहे. मोजणी नेहमी पातळ पायरीवरून करा, आणि विषाणूमुक्त रॉ चं मीडिया (अर्कासह आणि अर्काविना) ठाऊक टायटरच्या विषाणूत मिसळून एक नियंत्रण ठेवा.

आता आकड्यांची शिस्त. तुम्ही तिन्ही पेशींना ‘एमओआय ०.१’ (दर पेशीमागे ०.१ विषाणू) दिला असं लिहिलं आहे, पण विषाणूचं माप एल-९२९ वर झालेलं आहे. रॉ साठी ते माप तेच राहील असं नाही. शिवाय सहा विहिरींच्या ताटलीत गच्च भरलेल्या एल-९२९ साधारण १० ते १२ लाख असतात, तर रॉ आकाराने लहान असल्यामुळे २० ते ३० लाखांपर्यंत बसतात. सारखं आकारमान ओतलं की रॉ ला निम्माच वाटा येतो. प्रत्येक प्रयोगात एक जादा विहीर फक्त मोजणीसाठी ठेवा: विषाणू घालण्याच्या क्षणी तिच्या पेशी सोडवून हिमोसायटोमीटरवर मोजा, आणि शेवटचं उत्पन्न प्रति मि.ली. न देता प्रति पेशी द्या. खरा एमओआय काढायचा तर विषाणूच्या न्यूक्लिओकॅप्सिड प्रथिनाचं प्रतिपिंड वापरून, दुसरी फेरी (नवे विषाणू बाहेर पडून शेजारच्या पेशींत शिरणं) सुरू होण्याआधी म्हणजे ६ तासांच्या सुमारास, किती टक्के पेशी रंगल्या ते पाहा. ६३ टक्के रंगल्या तर एमओआय १, ९५ टक्के तर ३. पहिल्या फेरीत अर्क काय करतो हे पाहायला ३ ते ५ एवढा एमओआय घ्या. पसरण्यावरचा परिणाम पाहायला ०.०१. दोन्ही लागतात, कारण इंटरफेरॉनचा परिणाम मुख्यतः दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दिसतो. कमी एमओआयला मोठी घट आणि जास्त एमओआयला जवळपास काहीच नाही, असं निघालं तर पुन्हा बोट इंटरफेरॉनकडे जातं.

पीएचकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, आणि एमएचव्हीच्या बाबतीत ते महागात पडतं. हा विषाणू पीएच ६ ला बऱ्यापैकी टिकतो, पण पीएच ८ ला ३७ अंशांवर त्याच्या काटेरी प्रथिनाचा आकार बदलतो आणि तो झपाट्याने निकामी होतो. बायकार्बोनेटचं मीडिया हवेत उघडं राहिलं की जांभळट-गुलाबी होतं, तेच हे आम्लारीकरण. मे महिन्यात वीज गेली, इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइड उतरला, की टायटर पेशींचा दोष नसताना पडतं. पेशीचा प्रकार इथेही आड येतो: बीएचके साधारण १२ तासांत दुप्पट होते आणि मीडिया लवकर आम्लधर्मी करते, विरळ एल-९२९ चं मीडिया मात्र अल्कलीकडे राहतं. म्हणून मीडियात २५ मिलिमोलर हेपिस (पीएच स्थिर ठेवणारं) घाला आणि पीएच ७.० ते ७.२ मध्ये बांधून ठेवा. तसं केल्याशिवाय पेशींची तुलना करणं मला पटत नाही.

हळदीच्या बाजूने काय चुकतं तेही पाहू. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून साठा डीएमएसओ या द्रावकात करतात. शेवटच्या मीडियात डीएमएसओ ०.१ टक्क्यावर ठेवा, ०.५ च्या वर कधीच नको, आणि नियंत्रणातही तेवढाच. कर्क्युमिनचं रेणुवजन ३६८. अर्कात ते ४ टक्के असेल आणि तुम्ही १०० मायक्रोग्रॅम प्रति मि.ली. अर्क घालत असाल, तर कर्क्युमिन सुमारे ११ मायक्रोमोलर होतं. या पातळीपासून पुढे अनेक पेशींची वाढ मंदावू लागते. सिरम नसलेल्या मीडियात पीएच ७.२ ला ते अर्ध्या तासात बहुतांश विघटित होतं, १० टक्के सिरममध्ये बराच काळ टिकतं. तुमच्या तीन पेशी वेगवेगळ्या सिरमच्या प्रमाणात असतील, तर प्रत्यक्षात तुम्ही तीन वेगळे डोस दिलेत. आणि एमटीटी या पेशी जिवंत आहेत का ते सांगणाऱ्या रंगचाचणीवर एकट्यावर विसंबू नका: कर्क्युमिन क्षपणक असल्यामुळे पेशींशिवायही एमटीटीचा रंग आणू शकतं. पेशी नसलेली, अर्कासह एमटीटीची विहीर ठेवा, आणि जोडीला ट्रिपॅन ब्लू किंवा क्रिस्टल व्हायोलेट करा. निम्म्या पेशी मारणारी मात्रा तिन्ही पेशींसाठी वेगवेगळी काढावी लागेल. एल-९२९ ची मात्रा रॉ ला लावून चालत नाही.

कच्चा माल बाजारातल्या पॉलिश केलेल्या हळदीचा घेऊ नका. मेटॅनिल यलो किंवा शिशाच्या क्रोमेटचा रंग मारलेला असेल तर तुम्ही हळद तपासतच नाही. सांगलीत राहून ओळखीच्या शेतकऱ्याकडून बिगर-पॉलिश हळकुंडं मिळवणं अवघड नाही. वाण, काढणीचं वर्ष आणि साठवण कशी होती, एवढं नोंदवून ठेवा.

पेशी वाढत आहेत की थांबल्या आहेत, यानेही फरक पडतो, मात्र तो विषाणूनुसार. एमएचव्हीला पेशीच्या विभाजनाची फारशी गरज नाही. पण पुढे दुसरा विषाणू घ्याल तर हे आठवा. उंदराच्या मिनिट व्हायरसला डीएनए प्रत होण्याचा टप्पा पेशीनेच सुरू करावा लागतो. त्याचा एक प्रकार फायब्रोब्लास्टमध्ये वाढतो, दुसरा लिम्फोसाइटमध्ये, आणि हा भेद कवचातल्या दोन-चार अमिनो आम्लांवर येऊन ठेपतो. उंदराच्या ल्युकेमिया विषाणूला केंद्रकात शिरायला पेशीचं विभाजनच लागतं. गच्च भरून थांबलेल्या ३टी३ या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशींत हे दोघे अडतात. तिथे विभाजन मंदावणारा कोणताही अर्क ‘विषाणूविरोधी’ दिसेल. उंदराचा पॉलिओमा विषाणू उंदराच्या पेशीत वाढतो, बीएचके मध्ये शिरतो पण त्याच्या डीएनएच्या प्रती नीट होत नाहीत. उंदराचा नोरोव्हायरस रॉ मध्ये छान वाढतो, साध्या फायब्रोब्लास्टमध्ये नाही. त्याचा ग्राही सीडी३००एलएफ २०१६ मध्ये सापडला, आणि तो बसवला की माणसाच्या हेला पेशीही त्याला वाढू देतात.

पेशींची निगा हा वेगळा विषय, पण दोन गोष्टी तुमच्या निकालाला थेट भिडतात. रॉ पेशी ट्रिप्सिनने न सोडवता खरवडून काढा, ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, आणि वीस-एक पिढ्यांनंतर (म्हणजे तितक्या वेळा नव्या फ्लास्कमध्ये लावल्यावर) नवी कुपी उघडा. जुन्या झाल्या की त्यांचा प्रतिसाद बदलतो. दुसरी गोष्ट मायकोप्लाझ्मा. तो रॉ ला सतत डिवचत ठेवतो आणि एल-९२९ ची आर्जिनिन खाऊन टाकतो, वरून डोळ्यांना काही दिसत नाही. महिन्यातून एकदा पीसीआर किंवा होएक्स्ट रंगाने तपासा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून फ्लास्क आणत असाल तर तो मीडियाने काठोकाठ भरून, झाकण घट्ट करून, साध्या तापमानात आणा. बर्फ नको, आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नको. आणल्यावर रात्रभर इन्क्युबेटरमध्ये तसाच ठेवा, मगच हात लावा.

विषाणूचा साठाही एकाच पेशीत, शक्यतो १७सीएल-१ (हीही उंदराचीच पेशी) किंवा एल-९२९ मध्ये, कमी एमओआयला वाढवा आणि १०० मायक्रोलिटरच्या कुप्या करून उणे ८० ला ठेवा. एकाच पेशीत पुन्हा पुन्हा फिरवलेला विषाणू त्या पेशीला सरावतो. सिंडबिस विषाणू बीएचके मध्ये फिरवला की पेशीवरच्या हेपरान सल्फेटला चिकटणारी रूपं पुढे येतात, हे चांगलं अभ्यासलेलं आहे. ती ताटलीत जोमाने वाढतात, पण उंदरात सौम्य पडतात. म्हणून प्रत्येक कुपीवर पिढीचा क्रमांक हवा, आणि एकदा वितळवलेली कुपी परत गोठवू नये.

एमएचव्ही माणसाला होत नाही, तरी उंदरांच्या कळपात तो हवेतून आणि स्पर्शातून भराभर पसरतो. तुमच्या इमारतीत प्राणिगृह असेल तर हे काम तिथे न करणंच बरं, आणि त्या दिवशी प्राणिगृहात जाणाऱ्यानं या खोलीत पाऊल ठेवू नये. संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी आधी, दुसऱ्या वर्गाचं कॅबिनेट, आणि सगळा कचरा १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह.

प्रबंधात रॉ चा हजारपटीचा आकडा एंडोटॉक्सिनची रांग झाल्याशिवाय घालू नका. एल-९२९ ची दहापट घट, विषाणू आणि अर्क पेशींशिवाय तासभर एकत्र ठेवून शंभरपट पातळ करून मोजलेल्या आकड्याच्या शेजारी द्या. बीएचके ची सपाट रेषाही आलेखात असू द्या, आणि तिच्याखाली स्पष्ट लिहा की ही पेशी ग्राही नसलेली तुलनापेशी म्हणून घेतली आहे.